उजळणीचा हिशेब : चेतापेशी शिकतात म्हणजे नेमके काय होते?



प्रत्येक वार्षिक अहवालाच्या अखेरीस लेखापरीक्षित उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद जोडलेला असतो. ही पाने आस्थेने वाचणारे आमचे काही विश्वस्त आणि देणगीदार एका रकमेपाशी हमखास थांबतात. ती रक्कम म्हणजे फिजिओथेरपी विभागातील सवलतीच्या उपचारांवर होणारा आवर्ती खर्च. शस्त्रक्रियागृहातील यंत्र, रुग्णवाहिका किंवा नवा कक्ष यांसाठी दिलेला पैसा डोळ्यांना दिसतो. त्यावर दात्याच्या मातापित्यांचे नाव कोरता येते. पक्षाघाताच्या रुग्णाकडून पेला उचलण्याची तीच ती हालचाल दिवसामागून दिवस करवून घेण्यावर झालेला खर्च मात्र वर्षाअखेर कोठेच उभा राहिलेला दिसत नाही. ‘यातून शिल्लक काय राहते?’ असे आम्हांस विचारले जाते. रुग्णांचे नातेवाईक हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतात. रोजची ये-जा, रिक्षाचे भाडे आणि बुडालेली रोजी यांनी मेटाकुटीस आल्यावर, ‘आठवड्याचा व्यायाम एकाच दिवशी उरकून घेता येणार नाही का?’ असे ते म्हणतात.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आम्ही प्रशासनातील माणसे. जमाखर्चाच्या वह्या हे आमचे क्षेत्र आणि वैद्यकशास्त्र हे आमच्या डॉक्टर मंडळींचे. तथापि, या प्रश्नांचे उत्तर त्यांच्याकडून समजावून घेताना ज्या प्राण्याची ओळख आम्हांस झाली, त्याची हकीकत आपणांपर्यंत पोहोचवावी असे वाटले. तो प्राणी म्हणजे समुद्रातील एक गोगलगाय. शिकताना चेतापेशींत काय घडते, हे विज्ञानाने प्रथम स्पष्टपणे पाहिले ते ज्या मोजक्या साध्या प्राण्यांमध्ये, त्यांत तिचे स्थान अग्रभागी आहे.

जुना तर्क, अपुरी साधने

उजळणीचे महत्त्व कोणत्याही शाळामास्तरांना ठाऊक असते. त्याचे पद्धतशीर मोजमाप जर्मनीतील हेर्मान एबिंगहाउस यांनी केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, त्या किती काळाने विसरल्या जातात याची नोंद त्यांनी ठेवली आणि १८८५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा, दिवसांवर वाटून केलेली तेवढीच उजळणी अधिक टिकते, हे त्यांनी त्याच वेळी नोंदवून ठेवले होते.

हे का घडते, याविषयी एक तर्क स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी मांडला. मेंदू हे सलग जाळे नसून तो सुट्या चेतापेशींचा बनलेला आहे, हे दाखवून देणाऱ्यांत ते अग्रणी होते. त्यांना १९०६ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १८९४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे सुचविले की, शिकल्याने या पेशींमधील जोडण्या बळकट होत असाव्यात.

तर्क आकर्षक होता. परंतु तो तपासायचा कसा? माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतील एकेक पेशी अन्य हजारो पेशींशी जोडलेली असते. एवढ्या मोठ्या पेढीतील कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर ‘पेला कसा उचलावा’ ही नोंद झाली आहे, हे शोधणे दुरापास्तच होते. त्यामुळे काहालांचा तर्क कित्येक दशके तर्कच राहिला.

गोगलगायीची निवड

हा गुंता सोडविण्यात ज्यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते, ते एरिक कँडेल १९२९ साली व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर, १९३९ साली, वयाच्या नवव्या वर्षी त्यांना अमेरिकेत आश्रयास जावे लागले. त्यांनी प्रथम इतिहास व साहित्याचा अभ्यास केला, मग ते डॉक्टर झाले आणि मानसोपचाराकडे वळले. मनाचा शोध घ्यायचा तर आधी पेशीचा शोध घेतला पाहिजे, या विचाराने ते संशोधनाकडे आले.

कँडेल यांचा मार्ग आमच्यासारख्या हिशेबनीसांना मनोमन पटणारा होता. मोठ्या कारखान्याचा ताळेबंद समजत नसेल, तर आधी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची वही वाचावी. १९६२ साली ते पॅरिसला लादिस्लाव ताउक यांच्याकडे गेले आणि ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीवर काम करू लागले. अनेक ज्येष्ठ सहकाऱ्यांना ही निवड मुळीच रुचली नव्हती. माणसाच्या स्मृतीविषयी गोगलगाय काय सांगणार, असा त्यांचा आक्षेप होता.

ही गोगलगाय आपल्या अंगणातील गोगलगायीसारखी पाठीवर घर वाहून नेत नाही. तिचे कवच शरीराच्या आत, नावापुरते उरलेले असते. ती समुद्रशेवाळ खाते आणि तिला डिवचले असता जांभळा रंग सोडते. संशोधकांना तिच्यातील तीन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, तिच्या संपूर्ण मज्जासंस्थेत जेमतेम २० हजार चेतापेशी असतात आणि त्या लहान लहान गाठींमध्ये विभागलेल्या असतात. दोन, त्यांतील काही पेशी इतक्या मोठ्या असतात की, त्यांचा व्यास एक मिलिमीटरपर्यंत भरतो आणि त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तीन, तीच पेशी त्याच जागी प्रत्येक गोगलगायीत सापडते. त्यामुळे पेशींना खातेक्रमांकांप्रमाणे क्रमांक देता येतात, आणि आज पाहिलेले खाते उद्या दुसऱ्या प्राण्यात उघडून पडताळता येते.

गोगलगाय काय शिकते?

ॲप्लिसियाच्या पाठीवर श्वसनासाठी नाजूक कल्ला असतो आणि त्यालगत पाणी बाहेर टाकणारी एक आखूड नळी असते. या नळीला हलकासा स्पर्श झाला की, ती कल्ला आत ओढून घेते. गरम तव्याला बोट लागताच आपण हात मागे घेतो, तशीच ही प्रतिक्षिप्त क्रिया. ही क्रिया घडविणारा पेशींचा संच लहान आहे : नळीच्या त्वचेची वार्ता आणणाऱ्या सुमारे २४ संवेदी पेशी, कल्ला हलविणाऱ्या सहा प्रेरक पेशी आणि त्यांच्या दरम्यानच्या काही मध्यस्थ पेशी.

एवढ्याशा भांडवलावर हा प्राणी तीन प्रकारे शिकतो. पहिला प्रकार सरावण्याचा. नळीला पुनःपुन्हा निरुपद्रवी स्पर्श केला की, प्राणी त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. रेल्वेरुळांलगत राहणाऱ्या माणसाला रात्रीच्या गाडीने जाग येत नाही, तसेच हे. दुसरा प्रकार याच्या उलट आहे. शेपटीला विजेचा धक्का दिला की, त्यानंतर नळीच्या साध्या स्पर्शानेही कल्ला जोराने आत ओढला जातो. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिण्याची ही रीत. तिसरा प्रकार सांगड घालण्याचा. स्पर्शापाठोपाठ लगेच धक्का, असा क्रम काही वेळा घडला की, स्पर्श ही धक्क्याची पूर्वसूचना ठरते.

१९७० साली कँडेल आणि त्यांचे सहकारी आयर्विंग कुफरमान, व्हिन्सेंट कॅस्टेलुची व हॅरॉल्ड पिन्स्कर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. प्राणी सरावला तेव्हा त्याची त्वचा बधिर झाली नव्हती आणि स्नायूही थकला नव्हता. बदल झाला होता तो दोन पेशींमधील जोडणीत. एका पेशीचा संदेश दुसरीपर्यंत रसायनाच्या रूपाने पोहोचतो. संवेदी पेशी आता हे रसायन कमी सोडत होती. धक्क्यानंतर तीच पेशी ते अधिक सोडू लागे. पेशी त्याच, त्यांचे परस्परांशी असलेले नातेही तेच. त्या नात्याची ताकद तेवढी बदलली होती. काहालांच्या तर्काला असा प्रत्यक्ष आधार मिळाला.

चालू खर्च आणि बांधकाम

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शेपटीला एकच धक्का दिला तर त्याची आठवण काही मिनिटांतच पुसली जाते. मध्ये विश्रांती देऊन चार-पाच धक्के दिले तर ती एक-दोन दिवस राहते आणि हा क्रम काही दिवस चालविला तर ती आठवडे टिकते. अल्पकाळची आणि दीर्घकाळची आठवण यांत केवळ कमीअधिक प्रमाणाचा फरक आहे की प्रकाराचाच? उत्तर मिळाले ते असे की, फरक प्रकाराचा आहे, आणि तो हिशेबशास्त्रातील महसुली खर्च व भांडवली खर्च यांतील फरकासारखा आहे.

एका धक्क्यानंतर मध्यस्थ पेशी सेरोटोनिन नावाचे रसायन सोडतात. त्यामुळे संवेदी पेशीच्या आत ‘चक्रीय एएमपी’ हा संदेशवाहक रेणू वाढतो. तो एका विकराला जागे करतो आणि ते विकर पेशीची द्वारे अशा रीतीने बदलते की, पुढील काही मिनिटे प्रत्येक संदेशाबरोबर अधिक रसायन बाहेर पडते. यात नवे काही उभारले जात नाही. गाठीशी असलेल्या मालावरच दुकान जोमाने चालते आणि थोड्या वेळाने पूर्ववत होते. हा झाला चालू खर्च.

मात्र धक्के विश्रांती देत पुनःपुन्हा मिळाले की, तेच विकर पेशीच्या केंद्रकात शिरते. तेथे जनुकांना काम सुरू करण्याचा आदेश देणारे ‘क्रेब-१’ नावाचे प्रथिन असते आणि तो आदेश अडवून धरणारे ‘क्रेब-२’ही असते. पहिले कार्यान्वित व्हावे लागते आणि दुसऱ्याचा अडसर दूर व्हावा लागतो. न्यासाच्या खात्यातून मोठी रक्कम काढण्यास दोन सह्या लागतात, तशीच ही व्यवस्था म्हणावी लागेल. एखाद्या क्षणिक प्रसंगासाठी पेशी आपले भांडवल मोडत नाही. दोन्ही अटी पूर्ण झाल्या की जनुके जागी होतात, नवी प्रथिने बनतात आणि पेशीला नव्या जोडण्या फुटू लागतात.

‘जोडण्या फुटतात’ हे शब्दशः खरे आहे. क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी १९८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजल्या. न शिकविलेल्या गोगलगायीत एका संवेदी पेशीची सुमारे १,३०० जोडणी-टोके असतात. धक्क्यांचे दीर्घकालीन शिक्षण मिळालेल्या प्राण्यात ती सुमारे २,७०० भरली. स्पर्शाला दीर्घकाळ सरावलेल्या प्राण्यात ती सुमारे ८५० वर आली. शिकण्यात नवे जोडणे असते, तसेच अनावश्यक ते कमी करणेही असते. पुढे आठवण ओसरू लागली की वाढलेली टोकेही घटत जातात. २,७०० वरून ती सुमारे १,५०० पर्यंत खाली येतात. घसारा येथेही चुकत नाही! मात्र आकडा मूळच्या १,३०० वर पुरता येत नाही, थोडी शिल्लक राहते.

बांधकामाचा आणखी एक पुरावा नोंदवण्याजोगा आहे. कँडेल यांच्या प्रयोगशाळेत गोगलगायीची एक संवेदी पेशी आणि एक प्रेरक पेशी काचेच्या बशीत एकमेकींशी जोडून वाढविण्यात आली. तिला सेरोटोनिनची एक मात्रा दिली असता जोडणी थोडा वेळ बळकट झाली. अंतराअंतराने पाच मात्रा दिल्या असता ती दिवसभराहून अधिक काळ बळकट राहिली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, नवी प्रथिने बनणे औषधाने थांबविले तेव्हा अल्पकाळची बळकटी नेहमीप्रमाणे आली, दीर्घकाळची मात्र आलीच नाही. विटा-सिमेंटचा पुरवठा बंद केला तर दुकान चालू राहते, बांधकाम थांबते. या कार्यासाठी कँडेल यांना २००० साली अर्विद कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्यासमवेत वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मधली विश्रांती

आता नातेवाईकांचा प्रश्न घेऊ : सगळे एकदम का उरकू नये? थॉमस केअर्यू, पिन्स्कर आणि कँडेल यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गोगलगायींच्या नळीला एकूण ४० स्पर्श करण्यात आले. ओळीने केलेल्या ४० स्पर्शांचा परिणाम लवकर ओसरला. रोज १० याप्रमाणे चार दिवसांत केलेल्या ४० स्पर्शांचा परिणाम तीन आठवड्यांपर्यंत टिकला. स्पर्श तेवढेच, मेहनत तेवढीच, फलित मात्र निराळे.

हेच चित्र एका अगदी वेगळ्या प्राण्यात दिसले. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी फळमाशी आपण सर्वांनी पाहिली आहे. एखाद्या वासाबरोबर तिला सौम्य धक्का दिला तर ती तो वास टाळण्यास शिकते. टिम टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवून दिले की, पंधरा-पंधरा मिनिटांची विश्रांती देऊन दहा पाठ दिले तर माशीची आठवण आठवडाभर टिकते आणि तिच्यासाठी नवी प्रथिने लागतात. तेच दहा पाठ विश्रांतीविना दिले तर प्रथिनांवर उभी राहणारी ही टिकाऊ आठवण तयार होत नाही. विश्रांतीचा काळ वरकरणी रिकामा दिसतो. पण पेशीच्या आतले संदेश केंद्रकापर्यंत पोहोचणे, अडसर दूर होणे आणि प्रथिने तयार होणे यांना वेळ लागतो. स्लॅब टाकल्यावर पाणी मारत थांबावे लागते. दुसऱ्याच दिवशी वरचा मजला चढवता येत नाही.

फळमाशीच्या संशोधनाचा एक धागा मुंबईशी जुळतो. १९७६ साली कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत एक अशी माशी सापडली, जिला शिकविलेले लक्षात राहत नसे. तिला ‘डन्स’, म्हणजे ढ, असे नाव मिळाले. पुढे उलगडले की, तिचा दोष चक्रीय एएमपी या त्याच रेणूच्या व्यवस्थेत होता, जो गोगलगायीत आढळला होता. दोन स्वतंत्र कारकुनांनी लिहिलेल्या दोन वह्यांचा मेळ बसावा, तसे हे झाले. याच बेंझर यांच्यासमवेत ओबेद सिद्दीकी यांनी फळमाशीच्या मज्जासंस्थेतील दोषांवर संशोधन केले होते. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून त्यांनी १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी तेथे माशीची चव व वास यांच्या जाणिवेचा अभ्यास उभा केला. साध्या प्राण्यांकडून मज्जासंस्था समजून घेण्याची परंपरा आपल्याकडेही आहे, हे यावरून लक्षात येईल.

या ज्ञानाची मर्यादा

येथे सावधगिरीचे दोन शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. शेपटीचा धक्का आठवणे आणि माणसाने पुन्हा चालायला किंवा बोलायला शिकणे यांत मोठे अंतर आहे. पक्षाघातात मेंदूच्या काही पेशी मरतात. गोगलगायीच्या प्रयोगांत पेशी निरोगी होत्या. क्रेबसारखी प्रथिने उंदरांच्या स्मृतीतही भाग घेतात असे १९९४ पासूनच्या संशोधनातून दिसले आहे. तरीही गोगलगायीच्या वेळापत्रकावरून कोणी रुग्णाचे वेळापत्रक आखू नये.

शास्त्रातील वादही संपलेला नाही. डेव्हिड ग्लान्झमन यांच्या प्रयोगशाळेने २०१४ साली असे निष्कर्ष मांडले की, नव्याने फुटलेल्या जोडण्या नाहीशा झाल्यावरही गोगलगायीतील आठवण पुन्हा जागी करता येते. २०१८ साली याच गटाने, शिकविलेल्या प्राण्यातील आरएनए न शिकविलेल्या प्राण्यात टोचून तशीच वाढीव संवेदनशीलता दिसल्याचे प्रसिद्ध केले. आठवणीचा काही भाग जोडण्यांऐवजी पेशीच्या केंद्रकात जपला जातो की काय, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. पुष्कळ शास्त्रज्ञांना तो मान्य नाही. शिकताना पेशी खरोखर बदलते, याविषयी मात्र दुमत नाही.

रुग्णाच्या खाटेपर्यंत

मग रुग्णांच्या बाबतीत प्रत्यक्ष रुग्णांवरील अभ्यास काय सांगतात? दोन मोठे अभ्यास येथे नमूद करतो. अमेरिकेतील २२२ रुग्णांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने लोटलेल्या या रुग्णांपैकी एका गटाच्या चांगल्या हाताला दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, हातमोजा घालून ठेवण्यात आला आणि दुबळ्या हाताकडून रोज सराव करवून घेण्यात आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या गटाचा हात अधिक कामास आला आणि हा फरक वर्षभर टिकला. घरातील मंडळी मायेपोटी रुग्णाची सारी कामे स्वतः करतात, किंवा रुग्ण सारे काही चांगल्या हातानेच उरकतो. त्या वेळी दुबळ्या हाताची उजळणी बुडते, एवढे यावरून ध्यानात यावे. मात्र हातात थोडीफार हालचाल उरलेल्या रुग्णांसाठीच ही पद्धत असते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा अभ्यास पाच देशांतील २,१०४ रुग्णांचा. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांतच रुग्णांना खाटेवरून उठवून अधिक प्रमाणात हालचाल करविली तर लाभ होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तीन महिन्यांनी त्या गटातील चांगली सुधारणा झालेल्यांचे प्रमाण कमी भरले. पुढील वर्षी त्याच माहितीच्या विश्लेषणात असे आढळले की, थोड्या थोड्या वेळाच्या पण अधिक वेळा केलेल्या हालचालींशी चांगल्या सुधारणेचा संबंध दिसतो. घाईने, एकदम आणि फार, हे नेहमीच हिताचे नसते. कोणास किती, केव्हा आणि किती अंतराने, हे ठरविण्यासाठीच प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट लागतो.

आमची विनंती

यावरून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही अशी देऊ.

नातेवाईकांना विनंती की, फिजिओथेरपिस्टने दिलेले वेळापत्रक औषधाच्या चिठ्ठीइतकेच काटेकोरपणे पाळावे. ‘दिवसातून चार वेळा, दर वेळी दहा मिनिटे’ असे लिहिले असेल, तर ती चाळीस मिनिटे एकदम उरकू नयेत आणि आठवड्याचे काम रविवारवर ढकलू नये. रोज रुग्णालयात येणे शक्य नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. घरी करण्याचे व्यायाम शिकवून त्यांची नोंदवही देण्याची व्यवस्था आपल्या विभागात आहे. पहिल्या पंधरवड्यात फरक दिसला नाही म्हणून उपचार सोडू नयेत. पाया भरला जात असताना रस्त्यावरून जाणाऱ्याला भिंत दिसत नाही.

विश्वस्त आणि देणगीदार बंधुभगिनींना आमचे सांगणे असे की, हिशेबाच्या नियमांनुसार आम्हांस हा खर्च ‘आवर्ती’ या सदरातच दाखवावा लागतो आणि तो तसाच दाखवला जाईल. परंतु तो वाचताना आपण मनात एक टीप जोडावी. एखाद्या मजुराने डाव्या हाताने पुन्हा पेला उचलला, एखाद्या आजीने नातवाला पुन्हा नावाने हाक मारली, तर त्यामागे दिवसामागून दिवस झालेली उजळणी असते आणि तिचा परिणाम म्हणून कोठेतरी आत काही बदलून टिकलेले असते. यंत्रासाठी एकरकमी देणगी जितकी मोलाची, तितकीच एका रुग्णाच्या तीन महिन्यांच्या नियमित उपचारांसाठी दिलेली देणगीही मोलाची आहे. किंबहुना येथे खंड परवडत नाही. निधीअभावी महिनाभर उपचार थांबले तर मागचे कमावलेलेही घटू लागण्याची भीती असते. म्हणून या निधीला वर्षातून एकदा मोठी रक्कम देण्याऐवजी दरमहा थोडी रक्कम देण्याचा पर्यायही आम्ही खुला ठेवला आहे. त्याचा अर्ज रुग्णालयाच्या कार्यालयात मिळेल.

फिजिओथेरपी विभाग पाहण्यासाठी आपण कोणत्याही कामाच्या दिवशी, पूर्वसूचना देऊन, अवश्य यावे. तेथे नामफलक लावण्याजोगे फारसे काही नाही : काही खाटा, समांतर दांडे, एक मोठा आरसा आणि ओळीने मांडलेले स्टीलचे पेले. ते पेले उचलताना रुग्णांना पाहिले म्हणजे या खर्चाची नोंद आपणांस अधिक चांगल्या रीतीने वाचता येईल, असा आमचा विश्वास आहे.



रुग्णालय प्रशासन